अनुदान : हक्क की एहसान?

आम्ही पेशाने शिक्षक आहोत. वसमतला एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. होऊन नोकरीला लागलो तेव्हा सर्वांत आधी कानावर पडलेला आणि नंतर कधीच पाठ न सोडलेला शब्द म्हणजे 'अनुदान'. महाराष्ट्रात २००१ साली 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ साली त्यातला 'कायम' हा शब्द गेला. २०१६ पासून पात्र ठरलेल्या शाळांना वीस टक्क्यांनी अनुदान सुरू झाले. सांगायला ही तीन वाक्ये आहेत, पण त्यांत कितीतरी शिक्षकांची उमेदीची वर्षे गेली. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या आणि हळदीचा हंगाम आला की मोंढ्यात एखाद्या आडत्याकडे हिशेब लिहिणे, असे आमचेही दिवस गेले आहेत.

शाळेला अनुदान सुरू झाले तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. आता हे गुरुजी सरकारचे मिंधे झाले, असे कोणीही म्हणाले नाही. मात्र मागच्या वर्षी आम्ही आमच्या कथासंग्रहासाठी शासनाच्या अनुदानाचा अर्ज भरतो आहोत हे कळले, तेव्हा त्याच मोहल्ल्यातल्या काही जाणत्या मंडळींनी नाके मुरडली. शिक्षकाने घेतले तर तो पगार, आणि लेखकाने घेतले तर ती लाचारी! हा फरक कुठून आला, आणि तो खरा आहे का, याचा विचार करावा म्हणून हा लेख.

अर्जाची गोष्ट

आधी योजना काय आहे ते सांगतो, कारण आपल्या समाजातल्या पुष्कळ लिहित्या तरुणांना ती ठाऊकच नसते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० साली, राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, स्थापन झाले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मंडळाचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्याचे एकही पुस्तक अद्याप प्रसिद्ध झालेले नाही, अशा मराठी लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिच्यातून साहाय्य मिळते. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालवाङ्मय असे प्रकार त्यात येतात. हस्तलिखित जाणकारांकडून वाचून घेतले जाते आणि त्यांच्या शिफारशीवर निर्णय होतो. साधारणतः जानेवारीत अर्ज मागवतात. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचून घ्याव्यात.

अट साधी वाटते, पण तिच्यात एक मेख आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणतात. मराठीत फार चांगली कविता लिहितात. निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशातून स्वतःच आपला संग्रह छापून घेतला. प्रती पाचशे. शंभरेक वाटल्या, बाकीच्या पलंगाखाली आहेत. आम्ही त्यांना या योजनेबद्दल मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो आणि अटी वाचता वाचता आमचाच आवाज खाली आला. त्यांचे एक पुस्तक निघालेले होते, म्हणजे आता ते नवलेखक राहिले नव्हते. मास्टरसाहेब हसले आणि म्हणाले, "हमने तो अपने पैसे से अपना रस्ता बंद कर लिया, बेटा." त्यांच्या हसण्याने आम्हाला जास्त वाईट वाटले.

उर्दूत लिहिणाऱ्यांसाठी दुसरे दरवाजे आहेत. महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमी १९७५ पासून आहे. दिल्लीत राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद आहे, आणि हस्तलिखितांच्या प्रकाशनाला साहाय्य व पुस्तकांची घाऊक खरेदी अशा तिच्या योजना राहिल्या आहेत. आम्ही शाळेत उर्दू शिकवतो आणि कथा मराठीत लिहितो. आमच्या कथेतल्या माणसांच्या शेजारी जी मराठी माणसे राहतात त्यांनीही त्या वाचाव्यात, एवढेच त्याचे कारण. म्हणून आम्ही मराठीच्या दारात उभे राहिलो.

मिठाला जागणे

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आम्ही हलके समजत नाही. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. ज्याच्या पैशाने पुस्तक छापले त्याच्याविरुद्ध लिहायला लेखणी धजेल का? आणि धजली तर ती नमकहरामी ठरणार नाही का? म्हणून लेखकाने उपाशी राहावे पण कोणाचे घेऊ नये, असे हे म्हणणे आहे. त्यात गैरत आहे, आणि गैरतीचा आम्ही आदर करतो.

पण आपल्या थोरांचा इतिहास काय सांगतो? मिर्झा गालिबइतका मानी माणूस शोधून सापडणार नाही. दिल्ली कॉलेजातली फारसी शिकवण्याची नोकरी त्यांनी नाकारली, कारण इंग्रज साहेब त्यांच्या स्वागताला पालखीपर्यंत आला नाही, असे सांगतात. तेच गालिब आपल्या पेन्शनीच्या दाव्यासाठी कलकत्त्यापर्यंत गेले. १८२८ साली ते तिथे पोचले आणि पुढे वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिले. १८५० साली बहादुरशाह जफर यांनी त्यांना तैमूरी घराण्याचा इतिहास लिहायला नेमले, दरमहा पन्नास रुपयांवर. १८५७ नंतर हाही आधार गेला, तेव्हा रामपूरच्या नवाबांनी दरमहा शंभर रुपये सुरू केले. गालिबांनी ते घेतले आणि उशीर झाला की पत्र लिहून मागितलेही. दरबारासाठी लिहिलेल्या त्या इतिहासाचा पहिलाच भाग पुरा झाला आणि आज तो अभ्यासकांखेरीज कोणी उघडत नाही. गजला मात्र घरोघर आहेत. पन्नास रुपयांत बादशाहाला इतिहास मिळाला, गालिब मिळाले नाहीत.

आमचे वसमत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याविषयी लोकांच्या मनात काय काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यातले पुष्कळ बरोबरही आहे. पण त्याच निजामाने १९३२ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी दरसाल एक हजार रुपये असे अकरा वर्षांचे साहाय्य मंजूर केले आणि तिथल्या अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम दिली. त्या पैशाने महाभारत निजामाचे झाले का? पुण्याच्या शास्त्रीमंडळींनी पाठभेद ठरवताना हैदराबादला विचारले का? देणाऱ्याने दिले, घेणाऱ्यांनी आपले काम आपल्या पद्धतीने केले. असे होऊ शकते, हे या उदाहरणातून दिसते. नेहमी असेच होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पैसा कोणाचा?

खरा प्रश्न असा आहे की हा पैसा कोणाचा असतो? बादशाहाचा पैसा बादशाहाचा होता, किंवा तो तसे समजत तरी होता. लोकशाहीतल्या सरकारी तिजोरीचे तसे नाही. आमच्या मोहल्ल्यातली विधवा खाला साबणाची वडी घेते तेव्हा तिचाही कर त्या तिजोरीत जातो. मोंढ्यातला हमाल मोबाइलचे रिचार्ज करतो तेव्हा त्याचाही जातो. मंत्री आणि अधिकारी त्या पैशाचे राखणदार आहेत. आपल्या परंपरेत बैतुल-मालची कल्पना हीच आहे. खजिना रयतेचा असतो, खलिफा त्याचा अमानतदार असतो आणि त्याला एकेका दिरहमचा जाब द्यावा लागतो.

इथे जकातीशी गल्लत करू नये. जकातीचे हक्कदार कुरआनने सूरह तौबात सांगून ठेवले आहेत. ते आठ प्रकारचे लोक आहेत आणि पुस्तक छापू इच्छिणारा पगारदार शिक्षक त्यांत बसत नाही. गरिबाच्या वाट्यातून आम्हाला काही नको. पण गरिबाला दान देतानाही, उपकार बोलून दाखवून ते दान वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकरात आहे. स्वतःच्या खिशातून देणाऱ्यालाही जिथे एहसान जतवण्याची मुभा नाही, तिथे दुसऱ्याच्या अमानतीतून देणाऱ्याला ती कुठून असणार?

तेव्हा मिठाला जागायचेच असेल तर मीठ कोणाचे ते आधी पाहिले पाहिजे. ते त्या खालाचे आहे, हमालाचे आहे. लेखकाने त्यांच्याशी इमान राखावे, म्हणजे त्यांच्या जगण्याबद्दल खोटे लिहू नये. अनुदान घेतल्याने लेखकावर जबाबदारी येत नाही असे नाही. येतेच, पण ती वाचकाची असते.

बाहेरच्या देशांत याचा विचार कसा झाला तेही पाहण्याजोगे आहे. कॅनडाने १९५७ साली कायदा करून कलांसाठी एक परिषद स्थापन केली. दोन धनिकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तांवर मिळालेला वारसाकर सरकारने त्या कामी लावला. परिषदेला पन्नास दशलक्ष डॉलरचा कायम निधी मिळाला. पैसा सार्वजनिक, पण कोणत्या लेखकाला द्यायचा हे मंत्री ठरवत नाही. लेखक-कलावंतांच्या समित्या अर्ज वाचून शिफारस करतात. अर्जदार तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो आणि आधी काही प्रसिद्ध झालेले असावे लागते. गंमत पाहा, तिथे काही छापलेले नसेल तर अडचण आणि आपल्याकडे छापलेले असेल तर अडचण! आमचे मास्टरसाहेब टोरांटोत जन्मले असते तर कदाचित रांगेत पुढे असते.

याहून मोठा फरक दुसरा आहे. तिथले अनुदान लेखकाला लिहिण्याच्या काळात घर चालवायलाही मिळते. आपले अनुदान कागद, शाई आणि बांधणीला मिळते. लिहिण्यासाठी लागलेल्या रात्रींचा त्यात हिशेब नसतो. शिवाय १९८६ पासून तिथे ग्रंथालयांत असलेल्या पुस्तकांबद्दल लेखकांना दरवर्षी काही रक्कम देतात. आपल्याकडे म्हातारपणी साहित्यिक-कलावंतांना मानधन आहे, २०२४ पासून दरमहा पाच हजार रुपये. ते चांगलेच आहे. पण भर उमेदीत, हाताशी वेळ नसताना, लेखकाला कोणी वेळ विकत घेऊन देत नाही. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाइतके हे दुःख दुसऱ्या कोणाला समजणार?

राखणदार मालक होतो तेव्हा

इतके म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखणदार स्वतःला मालक समजू लागतात, हेही आपण पाहिले आहे. २०१६ साली राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने घाऊक खरेदीसाठी मंजूर झालेल्या पुस्तकांच्या लेखकांकडून एक प्रतिज्ञापत्र मागितल्याचे प्रसिद्ध झाले. पुस्तकात सरकारच्या धोरणांविरुद्ध किंवा देशहिताविरुद्ध काही नाही, असे लेखकाने दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून द्यायचे होते. देशहित आणि सरकारचे धोरण या दोन गोष्टी एका वाक्यात एकाच तागडीत बसवल्या गेल्या. एवढ्यावरून मोठा वाद झाला.

आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये, कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्यावर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या काही सदस्य साहित्यिकांनी राजीनामे दिले. आम्हाला या प्रसंगातले ते राजीनामे महत्त्वाचे वाटतात. सरकारने नेमलेल्या खुर्चीवर बसूनही माणसाचा कणा शाबूत राहू शकतो, हे त्यांनी दाखवले.

याहून मोठा दाखला दुर्गाबाई भागवतांचा. 'पैस'साठी १९७१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी घेतला होता. चार वर्षांनी, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सरकारविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे दुर्गाबाईंना अटकही झाली. पुरस्काराचे मीठ त्यांच्या जिभेवर आडवे आले नाही.

आम्ही काय केले

इथपर्यंत लिहिणे सोपे होते. आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून हा लेख लिहिणे म्हणजे लबाडी होईल.

आमच्या संग्रहात नऊ कथा आहेत. त्यातली एक 'दावण'. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यानंतरच्या एका आठवडी बाजाराची ती कथा आहे. एक थकलेला शेतकरी, एक धंदा बसलेला कुरेशी व्यापारी आणि दोघांच्या मध्ये दिवसभर उभा असलेला, न विकला गेलेला बैल. तिच्यात कोणाला शिवी नाही, घोषणा नाही. दोघे म्हातारे एकमेकांना तंबाखू देतात आणि संध्याकाळी आपापल्या वाटेने जातात.

मागच्या जानेवारीत अर्ज पाठवण्याच्या आदल्या रात्री आम्ही ती कथा हस्तलिखितातून काढली. कोणी काढायला सांगितले नव्हते. योजनेच्या अटींत तसा एक शब्दही नव्हता. वाचणारे जाणकार कोण असतील हेही ठाऊक नव्हते. कदाचित त्यांना तीच कथा सर्वांत जास्त आवडली असती. पण आम्ही मनातल्या मनात एक साहेब बसवला, त्याच्या कपाळावर आठ्या चढवल्या आणि त्याला खूश करण्यासाठी आपल्याच हाताने पाने बाहेर काढली.

मग पाठवायचे धैर्यच झाले नाही. आठ कथांचे ते बाड तसेच राहिले आणि मुदत गेली.

त्यानंतर जमातीतल्या एका सधन गृहस्थांनी आमची अडचण ऐकून छपाईचा सगळा खर्च देऊ केला. ते मनाने उदार आहेत. त्यांनी हस्तलिखित वाचले आणि आम्हाला घरी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "सब अच्छा है गुरुजी, बस वो बहेन वाली कहानी निकाल देव. गैर लोग पढ़ेंगे तो हँसेंगे." ती कथा म्हणजे 'हिस्सा'. बापाच्या जमिनीत बहिणीचा शरियतने ठरवून दिलेला वाटा असतो. तो मागायला आलेल्या बहिणीला भाऊ साडीचोळी करतात, जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. ही गोष्ट आपल्या घराघरांत घडते. अल्लाहने दिलेला हक्क आम्ही भाऊ लोक खातो, आणि कोणी तसे लिहिले तर समाजाची बदनामी झाली म्हणतो.

आम्ही घरी येऊन रात्रभर विचार केला. सरकारी अनुदानाला नाके मुरडणाऱ्यांपैकी कोणीही या देणगीला नाक मुरडले नसते. उलट, बिरादरीने आपल्या लेखकाला उभे केले म्हणून कौतुकच झाले असते. पण अट तर इथेच पडली होती, आणि तीही उघड. सरकारने न घातलेली अट आम्ही स्वतः पाळली. बिरादरीने घातलेली अट प्रेमाने घातली होती, म्हणून ती मोडणे आणखी अवघड होते. दोन्ही अटी मानल्या असत्या तर हातात सात कथा उरल्या असत्या, आणि त्या सातांना आमचे पुस्तक म्हणायला आम्हालाच लाज वाटली असती.

त्या रात्री आम्हाला इतके कळले की पैसा कोणाकडून येतो हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी पहिला नाही. सरकारचा असो, शेठजींचा असो, की मास्टरसाहेबांसारखा स्वतःच्या फंडाचा असो, पैसा येण्याआधी आपण काय काढून टाकले, हे लेखकाने स्वतःला आधी विचारले पाहिजे. अर्ज नामंजूर झाला असता तरी हेच वाक्य लिहिले असते का? उत्तर होकारार्थी असेल तर अनुदान खुशाल घ्यावे, मान वर करून घ्यावे. तो आपला हक्क आहे. उत्तर नकारार्थी असेल तर एक पैसाही न घेता माणूस मिंधा झालेला असतो. आम्ही तसे झालो होतो, तेही साधा अर्ज न पाठवता.

गृहस्थांना आम्ही सलाम करून नम्रपणे नकार कळवला. ते रागावले नाहीत, पण मशिदीत भेटले की पूर्वीसारखे थांबत नाहीत. याचे आम्हाला दुःख आहे आणि ते आम्ही सोसतो.

आमच्या तरुण लेखक-लेखिकांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली व्यवहाराची आहे. पहिले पुस्तक घाईने स्वतःच्या पैशाने छापू नका, आधी योजनांच्या अटी वाचा. मास्टरसाहेबांची चूक पुन्हा कोणी करू नये. आपल्या समाजातले लोक अर्जच करीत नाहीत आणि मग आपल्याला कोणी विचारत नाही म्हणतात. अर्ज करा. या राज्याच्या तिजोरीत आपलाही कर आहे आणि मराठी आपलीही भाषा आहे. दुसरी गोष्ट, अर्ज करताना हस्तलिखित पुरे पाठवा. कापायचेच असेल तर कथा कच्ची आहे म्हणून कापा, साहेबाच्या किंवा शेठजींच्या आठीसाठी कापू नका.

आमच्या टेबलावर आता नऊ कथा एकत्र बांधून ठेवल्या आहेत. 'दावण' चौथी आहे आणि 'हिस्सा' शेवटची. जानेवारी येईल तेव्हा त्या तशाच जातील. मंजूर होतील की नाही हे जाणकारांनी ठरवावे, तो त्यांचा अधिकार आहे. मास्टरसाहेबांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी पलंगाखालून आपल्या संग्रहाची एक प्रत काढली, आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "इसकी नक्कल शाळा की लायब्ररी में रख देव. अनुदान नहीं तो पढ़ने वाला सही." आम्ही ती ठेवली आहे. गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीने ती घरी नेली आहे. अजून परत आणलेली नाही.